मोहदरीचा पाहुणचार

मी नोकरीत असताना नक्की काय करते, हे हैदराबादला आमच्या नल्लकुंट्यातल्या अपार्टमेंटमध्ये कुणालाच धड माहीत नव्हतं. समोरच्या कामाक्षीअम्मांची समजूत अशी की मी घरोघर जाऊन माणसं मोजते. आयटीच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेलं खालच्या मजल्यावरचं जोडपं मला 'डेटावाल्या काकू' म्हणायचं. खरं सांगू? मी मागासपणा मोजायची! राज्यातलं कोणतं मंडल किती मागे, कोणतं गाव किती मागे, याची यादी लावायची. मंडल म्हणजे तुमच्या महाराष्ट्रातल्या तालुक्यापेक्षा लहान तुकडा. पूल कुठे होणार, दवाखाना कुठे होणार, हे त्या यादीवरून ठरायचं. तीस वर्षं हेच केलं, त्यामुळे अजूनही कुणाच्या घरी गेले की माझी नजर आधी छताकडे जाते. आमचे हे म्हणतात, "अहो, चहा प्या, पत्रे मोजू नका."

जगात भांडणं होतात पहिल्या नंबरासाठी. आमच्या ऑफिसात व्हायची ती शेवटच्या नंबरासाठी! एक पुढारी टेबलावर हात आपटून ओरडले होते, "आमचं मंडल एवढं पुढे कसं दाखवलं? लोकांना काय तोंड दाखवू?" दुसरे एक काजूकतलीचा डबा घेऊन आले. "मॅडम, मुँह मीठा करो, हम सब से पीछे आ गए!" मी काजूकतली खाल्ली आणि अभिनंदनसुद्धा केलं. दुसरं काय म्हणायचं असतं अशा वेळी?

आता थोडं कामाबद्दल सांगते, कंटाळू नका. आमच्या धंद्यातली सगळ्यात लबाड चीज म्हणजे सरासरी. आमच्याच बिल्डिंगचं घ्या. खालच्या मजल्यावर चोवीस तास पाणी, वरच्या मजल्यावर थेंब नाही. सोसायटीचे चेअरमन मीटिंगमध्ये म्हणायचे, "सरासरी बारा तास पाणी मिळतं, मग तक्रार कसली?" वरच्या मजल्यावरचा माणूस त्या सरासरीने आंघोळ करणार कसा? पूर्वी जिल्हे मोठे होते तेव्हा नेमकं हेच चालायचं. जिल्ह्याच्या एका टोकाला कारखाने आणि कॉलेजं, दुसऱ्या टोकाला सीमेवरची डोंगराळ गावं. कागदावर जिल्हा ठीकठाक दिसायचा आणि ती गावं सरासरीच्या खाली दबून जायची.

मग राज्य वेगळं झालं आणि पुढे जिल्हे फुटले. एकाचे तीन, एकाचे चार. लोक म्हणाले, नुसत्या पाट्या बदलणार. पण ज्या दिवशी नव्या जिल्ह्यांप्रमाणे आकडे लावून पहिला तक्ता माझ्या स्क्रीनवर आला, त्या दिवशी मी खुर्चीतून उठून उभी राहिले! इतकी वर्षं न दिसलेली गावं ओळीने तळाशी दिसत होती. माझ्या शेजारी बसणारे अन्वरभाई, आमचे कॉम्प्युटरवाले, चष्मा पुसत म्हणाले, "हौ मॅडम, ये गावां अब तक कहाँ थे?" मी म्हटलं, "यहींच थे, अन्वरभाई. हमकू दिखे नहीं." त्या दिवशी मला जेवणसुद्धा सुचलं नाही. वाटलं, आता खरं काम सुरू!

गंमत अशी की अधिकार खाली जाणार, जिल्हे आपापलं ठरवणार, असं सगळीकडे जाहीर झालं होतं. पण मागास कोण, हे ठरणार हैदराबादला, आमच्याच मजल्यावर. विकेंद्रीकरणाचं सगळं काम एका हॉलमध्ये गोळा झालेलं! त्यात अशी योजना आली की सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या सर्वांत मागास गावांना पूल आणि रस्ते द्यायचे. यादीच्या काठावर असलेली गावं प्रत्यक्ष बघून यायची. त्यात एक मोहदरी होतं. मराठी बोलणारं गाव, म्हणून साहेबांनी मला पाठवलं.

उन्हाळा होता. गावाच्या अलीकडे एक नाला लागतो. नाल्यात दगड बसवून, वर मुरूम टाकून छान वाट केली होती, आमची जीप सुर्रकन पार झाली. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण. सरपंच कौसल्याबाईंनी ओवाळलं. त्यांचे यजमान दत्तराव पुढे पुढे करत होते. गावाच्या वतीने तेच बोलत होते आणि बाई मागे उभ्या होत्या. घरात गेले तर काय! ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कूलर, टीव्ही, उंच फ्रिज, दारात दोन मोटरसायकली. मग ताट आलं. पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडया. मला भूक लागली होती आणि हैदराबादेत अशी पोळी मिळत नाही. मी तीन खाल्ल्या.

"फ्रिज कुणाचा?" मी जेवता जेवता विचारलं.

"आपलाच की," दत्तराव म्हणाले. कौसल्याबाईंनी मला माठातलं पाणी आणून दिलं. पाणी मस्त गार होतं आणि मी त्याचं कौतुक केलं. घरात फ्रिज असताना पाणी माठातलं का, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. तीस वर्षांचा अनुभव आणि तीन पुरणपोळ्यांत विरघळला!

आमच्या फॉर्मचा नियम असा की डोळ्यांना दिसेल ते लिहा, ऐकीव लिहू नका. मी दिसलं ते लिहिलं. घरगुती वस्तू चांगल्या. नाला ओलांडून गाडी जाते. दुसऱ्या घरात गेले तर तिथेही एक टीव्ही आणि तशाच खुर्च्या. सही केली आणि पोटभर ढेकर देत परतले. पुढे यादी लागली आणि मोहदरी तिच्यातून बाहेर पडलं. मला वाईटही वाटलं नाही. म्हटलं, बरं चाललंय की लोकांचं.

यादीवर हरकत घ्यायला मुदत असते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, अन्वरभाई माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, तुमारे लोगां आए. सुबू से नीचे फिर रहे. वॉचमन कभी इस बिल्डिंग में भेजता, कभी उस में. कोई उनकी बात नहीं समझ रा." मी खाली गेले तर कौसल्याबाई आणि दत्तराव. कौसल्याबाईंच्या हातात कापडी पिशवी, तिच्यात ओलं लुगडं पिळून भरलेलं. आदल्या दिवशी नाल्यात कमरेएवढं पाणी होतं. ते ओलांडून, लुगडं बदलून, बसने रात्रभर प्रवास करून सकाळी त्या गौलीगुड्याला उतरल्या होत्या. आधी मंडलाच्या ऑफिसात गेल्या होत्या. तिथे सांगितलं, यादी हैदराबादला होते, आम्हाला ती फक्त बोर्डावर चिकटवायचा अधिकार आहे.

"बाई, आमचं नाव काहून गेलं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"काहून म्हणजे? फ्रिज, कूलर, टीव्ही, गाड्या! तुमच्याएवढं सामान आमच्या नल्लकुंट्यात अर्ध्या लोकांकडे नाही!"

कौसल्याबाई मटकन बाकावर बसल्या. "बाई, थे सामान आमचं नोहे."

आणि मग सगळं बाहेर आलं. मोहदरीला कुणी मुलगी देत नाही. चार महिने नाल्याला पूर, गावात ना दवाखाना ना हायस्कूल, कोण देणार? म्हणून गावाने एक रीत पाडली होती. मुलीकडचे बघायला येणार असले की नाल्यापलीकडच्या मोठ्या गावातून बैलगाडीत घालून सामान आणायचं. फ्रिज एका मास्तरांचा, कूलर दुकानदाराचा, गाड्या त्यांच्या भाच्यांच्या. गावात त्याला नावच होतं, 'दाखवायचं सामान'. माझी जीप एका घरातून दुसऱ्या घरी वळली, तेवढ्यात खुर्च्या आणि एक टीव्ही मागच्या गल्लीतून पुढे पोचले होते! नाल्यात मुरूमसुद्धा अख्ख्या गावाने तीन दिवस खपून टाकला होता. बाईंच्या गाडीला तरास नको म्हणून. पहिल्या पुरात तो वाहून गेला.

"अहो, मी काय पोरगी बघायला आले होते का?" मी ओरडलेच.

"हैद्राबादचा पाव्हना आला बाई. उघड्या घरात कसा बसवावा?"

माझा राग जागच्या जागी विरला. माझं बालपण गौलीगुड्यात दोन खोल्यांत गेलं. वडील परभणीकडची शेती भावांवर सोडून इकडे नोकरीला आलेले. मला बघायला पाहुणे आले तेव्हा माझ्या आईने शेजारच्या मारवाड्याकडून गालिचा आणला होता आणि कपबश्या तिसऱ्याच घरच्या होत्या. मला हे कळायला हवं होतं हो! दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर चालेल, मला कळायला हवं होतं.

"मागल्या पावसाळ्यात माह्या जावेले बाजेवर घालून नाला ओलांडला," कौसल्याबाई म्हणाल्या. "ती वाचली. पोटातलं नाही वाचलं. बाई, आमाले पूल पायजे."

घड्याळात सव्वातीन. पाचला हरकतींचं ऑनलाइन पोर्टल बंद होणार. मी दोघांना वर नेलं, खुर्च्या दिल्या, कोरा फॉर्म काढला. अर्ज तेलुगूत करायचा होता. कौसल्याबाई मराठीत सांगणार, मी तेलुगूत लिहिणार, अन्वरभाई कॉम्प्युटरवर चढवणार. हरकतीचं कारण लिहायच्या रकान्यात मी पेन टेकवलं, तेवढ्यात दत्तरावांनी फॉर्मवर हात ठेवला.

"ते सामानाचं लिवू नका."

"मग कारण काय लिहू?"

"लिवा की, मॅडमची नजर चुकली."

"अस्सं! पोळ्या तुम्ही वाढायच्या आणि नजर माझी चुकायची?" माझा आवाज सगळ्या हॉलभर गेला. अन्वरभाई तोंड फिरवून हसले.

पण दत्तरावांचं म्हणणं खोटं नव्हतं. असा अर्ज पुढे ग्रामसभेत वाचून दाखवतात आणि मंडलाच्या बोर्डावर लागतो. पलीकडच्या गावांतले लोक तो बोर्ड वाचतात. "गावात सहा पोरं लग्नाची हायत," ते म्हणाले. "सोयऱ्याधायऱ्यांत हे गेलं तर मोहदरीचं तोंड काळं. पुलाचं पुढच्या वर्षी पाहू. इज्जत एकदा गेली की गेली."

मी फॉर्मवरचं पेन उचललं. मुलं त्यांची, गाव त्यांचं.

बोलल्या त्या कौसल्याबाई. उन्हाळ्यात त्यांच्या घरी माझ्यासमोर ज्यांनी एक वाक्य पुरं केलं नव्हतं, त्या सरळ नवऱ्याकडे वळल्या. "सामान पाहून किती पोरी आल्या गावात? दोन वर्षांत एक. थे बी पोरगा सासऱ्याच्या गावी राहीन या बोलीवर. लोक नाला पाहून माघारी जातेत. फ्रिज पाह्याले थांबते कोण?" मग त्यांनी हात पुढे केला. "शिक्का द्या."

सरपंचाचा शिक्का नवऱ्याच्या बंडीच्या आतल्या खिशात होता! प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. निवडून आल्यापासून तो तिथेच असायचा, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. गावाच्या वतीने सह्या बाई करायच्या आणि शिक्का दत्तराव मारायचे.

"घरी बोलू," दत्तराव हळूच म्हणाले.

"घरी जायाले नाला ओलांडा लागते. इथंच द्या."

हॉलमधली टायपिंगची टकटक थांबली होती. आमच्या मजल्यावर अधिकार खाली देण्याच्या किती फायली फिरल्या असतील, त्या सगळ्या एकीकडे आणि बाईंचा तो पुढे केलेला हात एकीकडे. दत्तरावांनी माझ्याकडे पाहिलं, अन्वरभाईंकडे पाहिलं आणि बंडीत हात घातला. अन्वरभाईंनी लगबगीने शाईचं पॅड उघडून समोर धरलं. बाईंनी एकेक अक्षर जोडून सही केली आणि असा दणका मारून शिक्का उठवला की माझा पेनस्टँड आडवा झाला.

अर्धं काम झालं होतं. गावाचा अर्ज एका बाजूला, माझा अहवाल दुसऱ्या बाजूला. अशा वेळी अहवालच खरा धरतात. म्हणून मी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं की मोहदरीत मी पाहिलेल्या वस्तू गावच्या नव्हत्या, त्या कुणाच्या याची मी चौकशी केली नाही, नाल्यातली वाट तात्पुरती होती, आणि माझा अहवाल चुकीचा आहे. अन्वरभाईंनी वाचलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, रिटायरमेंट कू दो महीने रै गए. कैकू अपने हात से लिख के दे रै? सोच लो."

"सोच लिया. टाइम किती झाला?"

"चार चालीस."

मी जवळजवळ धावतच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब भले माणूस, पण कागद बघितला की आधी धोका शोधायचे. दोन्ही कागद वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. "एंदुकंडी, सुमनगारू? का करताय हे? इतक्या वर्षांत तुमच्या नावावर एक शेरा नाही. गावाचा अर्ज जाऊ द्या, तुमचा कागद ठेवा. पुढच्या वर्षी बघू."

"सर, नुसता अर्ज गेला तर खोटे ते ठरतील. खोटं मी लिहिलंय."

"तुम्ही दिसलं ते लिहिलंत."

"सर, मी जेवले आणि लिहिलं."

साहेब हसले, आणि पेन उचलून दोन्ही कागदांवर सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं की न कळवता फेरतपासणी व्हावी. बाहेर आले तर अन्वरभाई घामाघूम. पोर्टलवर गोल चक्र फिरतंय, फिरतंय, पुढे सरकत नाही! शेवटचा दिवस, सगळ्या राज्याच्या हरकती एकदम. कौसल्याबाईंना स्क्रीनवरचं काही कळत नव्हतं, पण आमची तोंडं कळत होती. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. दत्तराव देवाचं नाव घ्यायला लागले. चार छप्पन्नला हिरवी खूण आली. मी साठीला आलेली बाई, सरकारी हॉलमध्ये टाळ्या वाजवून नाचले! अन्वरभाई म्हणाले, "अल्ला का शुकर, अब चाय मंगाओ."

चहा आणि उस्मानिया बिस्किटं आली. निघताना दत्तरावांनी शिक्क्यासाठी हात पुढे केला. कौसल्याबाईंनी तो आपल्या पिशवीत, ओल्या लुगड्याच्या वर ठेवला होता. त्या नुसत्या "चला" म्हणाल्या.

फेरतपासणीला न सांगता गेलेल्या अधिकाऱ्याची जीप नाल्यात बोनेटपर्यंत रुतली आणि गावकऱ्यांनी बैल लावून ती काढली. त्यांनी अहवाल काय दिला असेल ते सांगायला नको. मोहदरी यादीत आलं. मला मेमो आला, कामात हलगर्जी केल्याबद्दल समज. माझ्या नोकरीतला तो एकुलता एक. निरोपसमारंभात मिळालेल्या शालीच्या घडीत तो ठेवलाय मी, आल्यागेल्याला दाखवते.

पण एक गोष्ट सांगितली नाही तर हे लिहिणं अर्धवट राहील. यादी काही रबराची नसते. मोहदरी आत आलं तेव्हा एक गाव बाहेर पडलं. त्याचा अहवाल माझा नव्हता, त्या गावाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. तेही सीमेवरचंच, मोहदरीच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या पलीकडे, आदिवासी वस्तीचं. तिथून हैदराबादला कुणी आलं नाही. आलं असतं तरी त्यांची गोंडी बोली आमच्या मजल्यावर कुणाला कळली असती? मी रिटायर झाले, आणि ते नाव डोक्यात राहिलं. आमचे हे म्हणायचे, तुम्ही काय सगळ्या राज्याचा ठेका घेतलाय का? घेतला नव्हता. पण झोप यायची नाही.

गेल्या श्रावणात मी नारायणगुड्याला पूजेचं सामान घ्यायला गेले होते. भर रस्त्यात फोन वाजला. कौसल्याबाई! मागे कसला तरी मोठा आवाज. इकडे ऑटोवाले आणि बसचे हॉर्न. मी एका दुकानाच्या पायरीवर चढले आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.

"ऐका बाई!" त्या ओरडत होत्या. "नाल्याचा आवाज ऐका! पूर आला हाय अन् मी पुलावर उभी हाय! लुगड्याले थेंब नाही लागला!"

मला ऐकू येत होतं. धो धो पाणी आणि त्यावरून पोरांचा गलका. मी त्या पायरीवरच हसायला लागले, डोळे पुसायला लागले, फुलवाली माझ्याकडे बघायला लागली. कौसल्याबाई म्हणाल्या, बाई, तुम्ही खुश ना? मी हो म्हटलं. आणि मग का कोण जाणे, इतके दिवस कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगून टाकलं. तुमचं नाव आत आलं तेव्हा एक गाव बाहेर गेलं, म्हटलं. ते अजून तसंच आहे. नव्या यादीची मुदत याच महिन्यात संपते, आणि त्यांना अर्ज कसा करायचा ते सांगणारं कुणी नाही.

फोनमध्ये पाण्याचा आवाज चालूच होता. मला वाटलं, कशाला बोलले, बाईंच्या आनंदात विरजण घातलं.

"नाव काय म्हणले त्या गावाचं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं.

"ठाऊक हाय मले. अर्ध्या दिवसाची वाट हाय," त्या म्हणाल्या. "त्यांची बोली येते मले. उद्याच जातो."

"अहो, पण पूर आलाय म्हणता ना?"

"मंग काय झालं? पूल हाय नं!"